मी-रानचे चिकटवलेले मणी

माझी धाकटी नणंद मी-रान कोरियातल्या देजॉन शहरात एका प्रयोगशाळेत काम करते. जिवंत पेशीतले रेणू चमकवायचे, त्यांच्या वाटा सूक्ष्मदर्शकातून टिपायच्या आणि गणिताने त्यांची वर्गवारी लावायची. यंदा किमचीच्या कोबीला मीठ चोळताना सासूबाई म्हणाल्या, "त्या ठिपक्यांचा माग काढतेस, त्यापेक्षा एखाद्या नवऱ्याचा काढ की!"

"आई, नवऱ्यांचेही तेच तीन प्रकार. काही भरकटतात, काही कोपऱ्यात घुटमळतात, काही सरळ कामाला जातात."

"मग सरळ जाणारा बघ."

"तेच तर अवघड! भरकटणाराही कधी योगायोगाने चार पावलं सरळ टाकतो. नुसत्या योगायोगाने तेवढं सरळ जाणं जवळजवळ अशक्य ठरलं, तरच मी त्याला सरळ म्हणते."

आम्ही हसलो, पण तिचं चित्त कोबीत नव्हतं. नव्या औषधाने रेणू सरळ धावू लागतात, हा तिच्या पेक सरांचा शोध छापायला निघाला होता. पहिलं नाव मी-रानचं. त्याच्याच जोरावर ती नोकरीत कायम होणार होती.

सासूबाई आत गेल्यावर ती म्हणाली, "वहिनी, पेशी चहूकडे तोंड करून बसल्यात, आणि रेणू मात्र सगळे एकाच दिशेला धावतायत. मला वाटतं, खालची काचच सरकतेय."

काचेला मणी घट्ट चिकटवायचे; ते हलताना दिसले, तर काच सरकली असं धरायचं, हा त्यांचा रिवाज. या खेपेला घाईत मणी लावलेच नव्हते.

"मी रोज देवळात मणी ओढते," मी म्हटलं, "तू चिकटव. खोट्यावर नाव नको."

सोमवारी तिने सरांना गाठलं.

"आता? छापायच्या दारात?" सर चिडले.

"दारात आहोत तेच बरं, सर. आत गेल्यावर परतायची लाज वाटेल."

मोजणी पुन्हा झाली. मणी सरकले! काचेचं सरकणं वजा केल्यावर बहुतेक धावणारे भरकटणारेच निघाले. खरे सरळ जाणारे मूठभर उरले, आणि तेवढे तर औषधाविनाही होते. शोध मागे घेतला. कायम होणं राहिलं.

रविवारी ती किमची न्यायला आली. सासूबाई म्हणाल्या, "कायमची नोकरी नाही, कायमचा नवरा नाही. किमची तरी ने!"

"दे, आई. आता मण्यांशिवायचं एकही माप सर घेत नाहीत. पुढच्या वर्षी खऱ्या मापांवर अर्ज करीन, आणि कायम होऊन दाखवीन."

सासूबाईंनी छोटी बरणी परत ठेवून मोठी काढली.