कौसाक्काची पहार

कौसाक्का गेल्याचं मला अंगणवाडीत समजलं, तिथं मी आता कामाला आहे. भांड्यांना निघालेली सुमन दारातूनच म्हणाली, "मंदाताई, तुमच्या जाऊबाई गेल्या…" आणि लगेच, "मंग आता फाटकाला कुलूप लागतंय बघा." मला तिचा राग आला नाही. त्या दिवशी सगळ्या वस्तीच्या मनात तेच होतं.

आम्ही दोघी जावा धावड्याहून जालन्यात आलो, तेव्हा एमआयडीसीमागे पत्र्याच्या घरांची वस्ती उभी राहत होती. मोकळ्या जागेपलीकडे कारखानदारांचे बंगले. वस्तीतले बरेच पुरुष रोलिंग मिलमध्ये तापल्या सळया ओढायचे, आम्ही बायका मिलवाल्यांच्या घरी भांडी घासायचो. त्यांच्या बागेत दिवसभर पाणी सोडलेलं असायचं आणि टँकरपाशी आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटायचो.

मग कॉलनीवाल्यांनी मध्ये भिंत घातली. बांधली आमच्याच माणसांनी. माझे थोरले दीर, कौसाक्काचे मालक किसनभावजी गवंडी, ती त्यांच्या हाताखाली घमेली वाहायची. काम घराजवळ आलं म्हणून खूश होती. "बिलकुल दारातच हाय गं मंदे, जेवायला घरी येते मी," म्हणायची. शेवटचा थर बसला त्या संध्याकाळी आमच्या ध्यानात आलं की आपली वाट आपणच बुजवली. दुसऱ्या दिवसापासून बायका हायवेवरून वळसा घालून कामाला जाऊ लागल्या, सळयांच्या ट्रकांना अंग चोरत.

त्याच वळशावर कौसाक्काची लेक संगी गेली. आईच्या जोडीला भांड्यांना निघाली होती. ट्रक वळला आणि मागे बाहेर आलेल्या सळया तिच्या गळ्यातून आरपार गेल्या… तिला लुगड्यात मी गुंडाळलं, म्हणून सांगते आहे. कौसाक्का रडली नाही.

राख सावडायला पुरुष गेले तशी तिनं पहार उचलली. मी मागोमाग धावले. कॉलनीचा वॉचमन आमच्याच राजूरकडचा. भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, "मावशी, नोकरी जाईल माझी."

"मंग बाजूला हो."

तो झाला नाही. तिनं पहार त्याच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बंगल्यांतून माणसं काठ्या घेऊन धावली, त्यांत ती भांडी घासायची ते शेठही होते. तिचं डोकं फुटलं, डाव्या हाताची बोटं चेचली. पण तोवर माणूस जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

सुतक फिटल्यावर ती त्याच भगदाडातून त्याच शेठच्या मोरीवर जाऊन बसली, हाताला प्लॅस्टर घालून. शेठाणी म्हणाली, "काम हवंय, तर मग भिंत का फोडलीस?"

"काम पाह्यजे म्हणूनच फोडली, बाई. हायवेनं येता येता मीबी मेले तर तुमची भांडी कोन घासल?"

कॉलनीनं भगदाड बुजवायला पुन्हा भावजींनाच बोलावलं, आणि ते गेले. रोजगार होता. कौसाक्कानं त्यांच्याच हातातली थापी हिसकून त्यांच्या तोंडावर मारली. "पोरीच्या मढ्यावर इटा रचून राह्यले तुम्ही?" त्यांचे पुढचे दात पडले. मग कॉलनीनं बाहेरचे गवंडी आणले. ते बांधायचे, ही फोडायची, पोलीस हिला झोडपायचे. संगीनंतर हायवेनं जायला एकही बाई तयार होईना; शेवटी बंगल्यांत खरकट्याचे ढीग साचले, तेव्हा तिथल्या बायकांनीच नवऱ्यांना दमात घेतलं आणि भगदाडात लोखंडी फाटक बसलं. अंग तिरकं करून शिरावं लागेल एवढं अरुंद.

तिला कुणी देवी करू नये. तो वॉचमन लंगडा होऊन राजूरला परत गेला. मी एकदा विचारलं, "आक्का, त्याचं काही वाटत न्हाई का तुला?" भाकरी थापता थापता म्हणाली, "शेठ पुढं उभा राह्यला असता तर शेठची मोडली असती. उभं त्याला केल्तं." वर म्हणाली, "तुला लई पुळका आला आसंल तर जाऊन पाय दाबून ये त्याचे."

तिचं तेरावं झालं आणि सुमनचं म्हणणं खरं झालं. सकाळी फाटकाला कुलूप. कामाला निघालेल्या बायका अलीकडे ताटकळलेल्या, पलीकडे नवा वॉचमन. भावजी घरातून पहार घेऊन आले. या माणसानं आयुष्यात बायकोपुढे तोंड उघडलं नव्हतं. ते कुलपाकडे गेलेच नाहीत. चौकटीशेजारी पहार खुपसून नेट लावत राहिले. वॉचमननं काठी उचलली, त्यांच्याकडे पाहिलं आणि तो सावकाश बाजूला झाला. फाटक चौकटीसकट आडवं पडलं, वरच्या विटा ढासळल्या. बायका सरळ चालत पलीकडे गेल्या.

भावजी धापा टाकत माझ्याकडे वळले. "घरी ठिवली तर पोलीस नेतील. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून पहार अंगणवाडीत दाराआड उभी असते. साहेब तपासणीला आले की मी तिच्यावर सतरंजी टाकते. मुली खेळता खेळता तिला दोन्ही हातांनी ओढून बघतात. जड आहे, अजून उचलत नाही त्यांना. जरा मोठ्या झाल्या की उचलेल.