दातात धरलेला दोरा

कराडहून पुण्याला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पदराला टाचण्या आणि मांडीवर चिंध्यांची पिशवी. दिसेल ते कापड चिमटीत धरून बघायची त्यांना खोडच होती. माझा पदरही सुटला नाही.

"वीस वर्सं तमाशातल्या बायांचे कपडे शिवले, मग शूटिंगचे," त्या म्हणाल्या. "शिवता शिवता पदव्या घेतल्या. आता साताऱ्यात विद्यापीठात फॅशन शिकवते."

"पोरींना पहिलं काय शिकवता?"

"शिवलेलं सोता घालून हात वर करायला लावते. पुतळ्यावर समदंच झ्याक बसतं. पुतळा कवा हात वर करतोय?"

मग हळूच म्हणाल्या, "वरची फळी मोकळी हाय, तरी तुमची पिशवी मांडीवरच. काखेत उसवलंय न्हवं?"

मी लाजून मान हलवली. अंगावरचं शिवताना दातात दोरा धरायचा असतो, म्हणून त्यांनी तो आधी मला दिला. रस्ताभर गचके बसले, पण सुई एकदाही टोचली नाही.

शेवटची गाठ मारली आणि सातारा आलं. त्या घाईनं उतरल्या. नाव विचारणार कशी? दोरा अजून दातातच होता. मी खिडकीतून हात चांगला उंच करून हलवला.