शेवट सोडून बघितलेली नाटकं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाय. वाल सोलायला बसावं, तोंडाचा पट्टा चालू असावा आणि टोपली कधी भरली ते कळूच नये, तसं होतं ते. माझी टोपली भरली ती कमळीमुळे. मी सांगतेय, नात लिहून घेतेय. शाळेची पायरी आम्ही दोघी कधी चढलो नाय, पण नाटकं बघितली मोप!

कमळी माझी कासू गावातली शेजारीण. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं पेणला जायचो, गणपतीच्या कारखान्यात. मूर्तीला पॉलिश पेपर घासायचा, हे आमचं काम. मालकाला नाटकाचे पास यायचे. त्याच्या घरातलं कोणी गेलं नाय की पास आमच्या हातात.

घोळ एकच. नाटक साडेपाचचं लिहिलेलं असायचं, पण सामानाचा टेम्पो वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलेला. पडदा वर जायला साडेसहा! आणि आमची शेवटची गाडी काय नटांसाठी थांबणार? तिसरा अंक रंगात आला की आम्ही पिशव्या उचलून बाहेर. एवढ्या वर्षांत एकाही नाटकाचा शेवट आम्ही बघितला नाय. कमळीचा जीव त्यातच अडकलेला. दर वेळी म्हणायची, "एक तरी शेवट बघायचा गो, एक तरी!"

०

पहिलं नाटक खुनाचं होतं. बंगला, सोफा, म्हातारा शेठ मेलेला. इन्स्पेक्टर मध्ये उभा राहिला आणि बोट वर करून म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे!"

आम्ही उठलो. गाडीची वेळ झाली होती.

पेण स्टेशनपर्यंत कमळी तरातरा चालली. गाडीत बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माळ्यानं मारला."

"कशावरून गो?"

"अख्ख्या नाटकात त्यानं एकदा तरी झाडाला पाणी घातलं काय?"

०

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं सगळ्या बायांना नाटक सांगितलं. माळ्याला कसा पकडला, तो कसा रडला, त्याची बायको कशी धावत आली. सगळं! दोघी-तिघींचे तर डोळे भरून आले.

तेवढ्यात गुरुजींची बायको आली. तिनं तेच नाटक पनवेलला पूर्ण बघितलेलं. ती म्हणाली, "अहो कमळाबाई, खून डॉक्टरनं केला होता!"

सगळ्या कमळीकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता हिची जिरली. कमळीनं शांतपणे हंडा डोक्यावर घेतला.

"पनवेलला डॉक्टर असेल बाय. पेणला माळीच होता!"

०

एकदा राजाचं नाटक होतं. पास पुढच्या रांगेचे. राजा सिंहासनावर बसलेला, दरबार चिडीचूप. कमळी मला हळू आवाजात म्हणाली. आता कमळीचा हळू आवाज म्हणजे पार गडब गावाला ऐकू जाईल असा!

"याची आखणी कोणी केली गो? एक डोळा वर, एक खाली!"

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम. आमच्या कारखान्यात ते सगळ्यात वरचा कारागीर करायचा. लोक हसले. राजानं आमच्याकडे असं बघितलं की मी पिशवीत तोंड लपवलं.

दुसऱ्या अंकात राजा आला तो दोन्ही डोळे एका रेषेत!

"बघितलंस?" कमळी म्हणाली. "मोठा माणूस, पण ऐकतो."

०

नाटकातून निघाल्यावर जेवायला आम्हाला वेळ कुठला? म्हणून आधीच जेवून घ्यायचो. पेणला एक खानावळ होती. तिथं कमळीनं पिशवीतून तांदळाची भाकरी आणि सुकट काढली आणि माझ्या ताटाशेजारी मांडली. वेटर धावत आला.

"आजी, बाहेरचं खाणं आणायचं नाय. बोर्ड लावलाय."

"मला वाचता येत नाय. तू वाच."

त्यानं मोठ्यानं वाचला. कमळीनं नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, "आणि ही तुमची कोळंबी काय फ्रीजमध्ये जन्मली? ती पण धरमतरच्या खाडीवरनं, बाहेरूनच आली ना?"

वेटर गेला मालकाला आणायला. मालक आला, सुकटीचा वास घेतला आणि खुर्ची ओढून बसला. अर्धी भाकरी त्यानं खाल्ली! जाताना वेटरला म्हणाला, "यांना दोन सोलकढी दे. आणि बोर्ड जरा भिंतीकडे फिरव."

०

रोह्याला नाटक बघायला गेलो तेव्हा तर कहर. आमची परतीची गाडी लवकरची, आणि पडद्याचा पत्ता नाय. कमळी उठली ती सरळ पडद्यामागं. मी मागोमाग. मॅनेजर कपाळ धरून बसलेला.

"दादा, एक काम करा," कमळी म्हणाली. "शेवट आधी करा."

"काय?"

"शेवट! ही बाकीची माणसं बसणारच हायत. त्यांना सुरुवात मागनं दाखवा. आम्ही शेवट बघून निघतो. सुरुवात काय, आमची आम्ही समजून घेऊ."

मॅनेजरनं तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि ओरडला, "अरे द्या पहिली घंटा! लोक शेवट मागायला आले!"

तरी शेवट हुकलाच.

०

यंदा कमळीच्या मुलानं गुजरातेत वापीला घर घेतलं. कंपनीत कायम झालाय. आईला एकटी ठेवायची नाय म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. कमळीनं तांदूळ बांधले, सुकट बांधली, आणि मला म्हणाली, "तिकडं मराठी नाटक कुठलं गो! आता काय शेवट बघायचा नाय मी."

मी म्हटलं, बघायचाच! माझ्या पुतण्यानं मिनीडोर रिक्षा घेतलीय. त्याला सांगितलं, नाटक पूर्ण संपेपर्यंत पेणला थांबायचं. तिकिटं मी काढली, पास नाय. खानावळीत मासे जेवलो. कमळीनं नवं लुगडं नेसलं होतं.

नाटक एका आईचं. मुलगी मनासारखं लग्न करून निघून गेलेली, आईनं नाव टाकलेलं. तिसऱ्या अंकात मुलगी परत येते. बाहेर उभी राहून कडी वाजवते, "आई, दार उघड." आई उठते, दारापाशी येते, कडीवर हात ठेवते.

कमळीनं पिशवी उचलली.

"अगो, आज गाडी नाय पकडायची!" मी तिचा हात ओढला. "बस!"

ती बसली. आईचा हात अजून कडीवरच. कमळी पुन्हा उठली. "चल गो."

"अगो, आता दोन मिनिटांत शेवट हाय!"

"म्हणूनच. चल."

आणि निघाली! काय करते, मी पण निघाले. पुतण्या बाहेर चहा पीत उभा होता. "संपलं?" म्हणून विचारलं, तर कमळी म्हणाली, "नाय रे बाबा. गाडी काढ." कासूपर्यंत ती बाहेर बघत बसली.

तिसऱ्या दिवशी ती वापीला गेली. आठवड्यानं तिचा फोन आला. ना नमस्कार, ना चमत्कार.

"काय गो, तिनं दार उघडलं काय?"

मी म्हटलं, "अजून नाय."

"बरं झालं. उघडू देऊ नको. मी उद्या फोन करते."