निमंत्रितांच्या रांगेत राजलक्ष्मी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत राजलक्ष्मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाइप करायची. उजवा हात भराभर चाले, डावा मागं राही. तो कोपरातून पुरता सरळच होत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "न्हाणीत पाय घसरला." पण घसरायचा तो तिचा नवरा धनाजी, आणि तोही रोज संध्याकाळी, बाटली रिकामी झाली की; मार मात्र तिला पडायचा.

दोन वर्षांपूर्वी ती साताऱ्याहून अंगावरच्या साडीनिशी निघाली. कोपरखैरण्याला खोली घेतली आणि नातलगांत कुणालाच ठावठिकाणा कळू दिला नाही. एकट्या मामेभावाला, पुण्याच्या कुलदीपला, कचेरीतला ईमेल दिला, तोही गळ्याची शपथ घालून. त्या पत्त्यात कचेरीचं नाव होतंच. कळंबोलीत कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं थेट दारात आणून सोडलं असतं.

नव्याण्णवच्या डिसेंबरात कुलदीपचं लग्न ठरलं. सोमवारी सकाळी मोडेम किरकिरला आणि निमंत्रण उघडलं. गणपती नंतर, आधी नावांची ही लांब रांग! काका, आत्या, मावशीची पोरं, सगळ्यांचे पत्ते उघडे. नववा तिचा. अकरावा साखर कारखान्याच्या कचेरीतला, धनाजीचा.

तिनं पुण्याला फोन लावला.

"कुलदीप, हे काय केलंस रे?"

"का गं राजूताई? नाव राहिलं का कुणाचं?"

"राहिलं असतं तर बरं झालं असतं. धनाजीला कशाला बोलावलंस?"

"आमच्या आप्पांनी यादी दिली. घरच्या जावयाला वगळून चालतंय व्हय? आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, तुझी शपथ!"

"तोंड कशाला हवं? माझा पत्ता त्याच्या डोळ्यांपुढं ठेवलास की. पत्ते झाकून पाठवायची जागा असते ना त्यात?"

"होती गं खाली. पण पत्रिकेत नाव दिसलं नाही की माणसं वर्षभर तोंड फुगवतात. झाकून पाठवायचं म्हणजे चोरून बोलावल्यासारखं वाटलं मला."

राजलक्ष्मीनं फोन ठेवला. पोरगं मनानं वाईट नव्हतं. इतकं सरळ होतं, की त्याची भीतीच वाटावी.

निमंत्रणाखाली एक उत्तर येऊन पडलं होतं. शनिवारचं. धनाजीनं ते रांगेतल्या सगळ्यांना पाठवलं होतं. "निमंत्रण पोचले. सर्वांचे पत्ते मिळाल्याने आनंद झाला."

तिनं ते दोनदा वाचलं. बाहेर ट्रकवर सळ्या आदळत होत्या. दर आवाजाला तिची मान दाराकडं वळे.

चारला वॉचमन सिताराम चहा घेऊन आला. "बाई, दुपारी तुमचं पाव्हणं आलं हुतं. लई गोड मानूस. सातारी कंदी पेढं दिलं मला."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. बाई किती वाजता सुटत्यात, येवढंच इचारलं. म्या सहा सांगितलं. सामनेच्या हाटेलात बसतो म्हनलं."

राजलक्ष्मीनं चहाला हात लावला नाही. कुलदीपला चार ओळी लिहिल्या: "पुढं कधी सगळ्यांना एकदम पाठवशील तेव्हा पत्ते त्या खालच्या जागेतच टाक. पत्र सगळ्यांना पोचतं, एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. ज्यानं विश्वासानं दिला, त्याचा पत्ता तुझा नसतो वाटायला. लग्नाला माझे आशीर्वाद."

मग तिनं पर्स काखेत घेतली आणि मागच्या यार्डातून, ट्रकांच्या आडानं बाहेर पडली. कोपरखैरण्याच्या बसकडं ती वळली नाही. कुठं चालले, हे तिनं कुलदीपलाही लिहिलं नव्हतं.