एकाच नावाची दोन गावे

‘उत्तम प्रोग्राम यंत्रायंत्रांत भेद मानत नाही.’ हे वाक्य मी चंद्रपूरच्या कचेरीत अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले होते आणि साहेबांनी ते लाल शाईने अधोरेखित केले होते. ऐंशीचे दशक संपत आले होते. आमच्याकडे डॉसवर चालणारा संगणक होता. गडचिरोलीला युनिक्सवाला आला. हातपंपांसाठी गावोगावच्या कुटुंबांच्या याद्या दोन्हीकडे एकाच प्रोग्रामने ठेवायच्या, हे काम माझ्याकडे.

यादी भरून झाली की फाइलला गावाचे नाव दिले जाई. आमच्या भागात एका नावाची दोन गावे सहज सापडतात. एकापुढे ‘माल’ लागते, दुसऱ्यापुढे ‘तुकूम’. डॉसला नावात आठच अक्षरे चालत, म्हणून ही शेपटे मी कापली. एका नावाची दुसरी फाइल आली की डॉस नकार देई, आणि त्या नकारावरून माझा प्रोग्राम नव्या फाइलीला आकडा जोडी. युनिक्स नकार देत नसे. जुनी फाइल पुसून नवी तिच्या जागी बसवी, निमूटपणे. हे मी तपासले नव्हते.

गडचिरोलीत याद्या भरायला रोजंदारीवर एक बाई होत्या. एका गावाची यादी सापडेना, तेव्हा मला बोलावणे आले.

“मी दोन्ही गावं टाकली होती न, साहेब,” त्या मला म्हणाल्या. “मशीननं खाल्ली असन.”

“मशीनले भूक लागत नाई, बाई,” तिथले अधिकारी म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “काऊन हो, तुमच्या चंद्रपुरात खाते का?”

सगळे हसले. मीही हसलो. प्रोग्राम निर्दोष आहे असे सांगून दुपारच्या एसटीने परतलो. पुढच्या महिन्यात बाईंना कामावर घेतले नाही.

चूक मला दिवाळीनंतर सापडली, युनिक्सचे मॅन्युअल वाचताना. ते तोवर माझ्याच टेबलावर पडून होते. दुरुस्ती तीन ओळींची: नाव देण्याआधी, ते कुणी घेतले आहे का, एवढे विचारायचे. बाईंना, कोणती यादी आधी भरली, एवढे विचारले असते तरी भागले असते; हरवलेली नेमकी आधीची निघाली असती.

मी गडचिरोलीला लिहिले: चूक बाईंची नाही, माझी आहे, त्यांना परत घ्यावे. महिन्याभराने माझेच पत्र ‘बाब तांत्रिक असल्याने योग्य त्या कारवाईसाठी’ असा शेरा घेऊन चंद्रपूरच्या संगणक विभागाकडे आले. त्या विभागात मी एकटाच होतो.