मांडीवरचा कॅमेरा

दौंड-शिरूर एसटीत मी उभा होतो. खिडकीजवळच्या पागोटेवाल्या आबांनी न विचारताच माझी कॅमेऱ्याची जड बॅग मांडीवर घेतली आणि लेकरासारखी दोन्ही हातांनी धरली. मी फोनवर बायकोशी हुज्जत घालत होतो. केरळच्या सहलीसाठी आणखी दोन लेन्स घ्यायच्या, की खिशात मावणारा छोटा कॅमेरा? मला लेन्स हव्या होत्या, तिला छोटा कॅमेरा; दोन्ही परवडणारं नव्हतं.

शिरूर आलं. आबा उठले आणि लगेच खाली बसले. पायांना मुंग्या आल्या होत्या.

"घ्या की आजून दोन," मांडी चोळत ते म्हणाले. "पर केरळात ही मांडी न्हाई यायची."

मी छोटा कॅमेरा घेतला. बायकोपेक्षा मलाच जास्त हायसं वाटलं, पण तिला ते सांगितलं नाही. हल्ली एसटीत माझी मांडी मोकळी असते. उभ्या माणसाची बॅग मी हात पुढे करून घेतो.