सगळ्यांसाठी भांडणाऱ्या पुष्पलताताई

भाईंदरच्या ज्या गाळ्यात शाळांचे गणवेश शिवले जातात, तिथे मी बिलं करतो. माझं टेबल हितेशशेठच्या केबिनमध्येच आहे. त्यामुळे शेठकडे कोण काय मागतं, ते नको असलं तरी कानावर पडतं.

सगळ्यात जास्त मागायच्या मोरवा गावातून शिलाईला येणाऱ्या पुष्पलताताई. स्वतःसाठी नाही हं. गिरिजाला भाच्याच्या हळदीची सुट्टी, ममताच्या मशीनवर पंखा, चहात जरा दूध. "शेट, पंखा न्हाय तर ममता न्हाय," एवढं बोलून त्या तिथेच उभ्या राहायच्या. शेठ वैतागायचे आणि द्यायचे. मशीनवरच्या बायकांनाही सवय लागली. तोंड असलेलं एक माणूस सापडलं, की बाकीचे आपलं तोंड फक्त जेवायला वापरतात.

मग चेकिंग सांभाळणारा उत्तम नोकरी सोडून गेला. ते काम ताईंना मनापासून हवं होतं. कुठला कपडा पास, कुठला परत, कोणी कुठे बसायचं, सगळं शेठना न विचारता ठरवायचं. तसं आधीही त्याच ठरवायच्या, फक्त नाव उत्तमचं व्हायचं. शेठ मात्र बाहेरून माणूस आणणार होते. ताई दोनदा केबिनमध्ये आल्या आणि दोन्ही वेळा बटणांबद्दल काहीतरी विचारून परत गेल्या. बायकांपैकी एकीनेही त्यांच्यासाठी शब्द टाकला नाही. मला भयंकर राग आला त्या बायकांचा.

तिसऱ्यांदा आल्या त्या नेहमीच्या तोऱ्यात.

"शेट, एक बाई हाय. चेकिंगचं काम तिला द्या."

"कोण बाई?"

"पुष्पलता."

शेठनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी बिलाकडे पाहिलं.

"कामाला कशी आहे?" शेठनी विचारलं.

"चोख. उत्तमच्या चुका तीच निस्तरायची. पन एक अट हाय. काम दिल्यावर तिच्या कामात मधी मधी बोलायचं न्हाय."

"आणि नाही दिलं तर?"

"ती जाईल. समोरच्या गाळ्यात बोलवतात तिला."

शेठनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "चालेल पुष्पाबेन, दिलं. पण मला सांगा, ती स्वतः का नाही आली?"

ताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ती न्हाय बोलत सोतासाठी. आनि दुसरं कोनी तिच्यासाठी बोललं न्हाय, शेट. म्हनून मीच आली."